जांभळीवरचा फेस

२२ जून १९४९, बुधवार

मुंबईचं पत्र आलं — आणि डोकंच फिरलं!

संग्रहालयाचे साहेब लिहितात: आपण पाठवलेलं चित्र मिळालं. हा बेडूक कोकणात, गोव्याकडे, खाली मलबारात आढळतो. नगर जिल्ह्यात तो असण्याचा संभव नाही. आपण साधा तपकिरी झाडबेडूक पाहिला असावा, रंग मनाने भरलेले दिसतात. तरीही खात्री असेल तर नमुने पाठवा. नर, मादी, अंडी, पिल्लांची वाढ पायरीपायरीने, सगळं स्पिरिटमध्ये घालून, सप्टेंबर संपायच्या आत. प्रांतातल्या बेडकांची यादी तेव्हा छापायला जाणार.

मनाने भरलेले! मला साधी वही आखता येत नाही, मी कुठले रंग मनाने भरणार? पाठ पोपटी, पोट पिवळट आणि बोटांमधला पडदा पळसाच्या फुलासारखा लालभडक. पाय पोटाशी घेऊन पानावर बसला की नुसता हिरवा, दिसत सुद्धा नाही. उडी मारतो तेव्हाच तो लाल दिसतो. नगर जिल्हा म्हटलं की या मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे बाभळी आणि दुष्काळ. इथे अकोले तालुक्याच्या डोंगरात चार महिने कपडे वाळत नाहीत, हे त्यांना कुणी सांगायचं?

शमशादला पत्र वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, आता हेही अर्धंच राहणार. तिचं तरी काय चुकलं? पुण्याचं कॉलेज दीड वर्षात सोडलं. नगरला गनीभाईंच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, कापडाच्या दुकानात चार महिने टिकलो. पेटी शिकायला घेतली ती सारेगमच्या पुढे गेली नाही. या वाडीतल्या लोकल बोर्डाच्या शाळेवर तीन वर्षं काढली, हाच माझा विक्रम.

पण हे पुरं करणार. इथे लिहूनच ठेवतो. छापील यादीत नगर जिल्हा येणार, म्हणजे येणार!

(घरी आम्ही दख्खनी बोलतो. रोजनिशी मात्र मराठीत, कारण शमशादला मराठी वाचता येत नाही. बरं आहे ते.)

२४ जून

देवळामागच्या खडकात कोरलेलं टाकं पाण्याने भरलं. त्यावर जुनी जांभूळ वाकलेली. आज पहाटे आवाज मोजले. टक्‌टक्‌टक्‌, मग थोडं थांबून खुदकन हसल्यासारखा. अकरा नर. दोनदा मोजले. अकराच.

माद्या अजून नाहीत.

२६ जून

राजूरला जाऊन आलो, सात मैल चिखल तुडवत. दवाखान्यात स्पिरिट मागितलं. कंपाउंडरने चष्म्यावरून पाहिलं. दारूबंदी आल्यापासून थेंब-थेंब लिहून ठेवावा लागतो म्हणे, बेडकासाठी कुठल्या रकान्यात घालू? हसून वाटेला लावलं.

स्पिरिट नाही म्हणजे काहीच नाही. या हवेत मेलेला बेडूक एका दिवसात कुजतो. काहीतरी काढीन वाट.

२८ जून

उद्यापासून रोजे. चंद्र कसला दिसतोय, चार दिवस आभाळच दिसलं नाही! गनीभाईंचं कार्ड आलं त्यावर विसंबायचं. वाडीत मुसलमानाचं घर आमचं एकच.

एक बरं झालं. सहेरीला उठायचंच आहे. खाणं आटोपलं की तसंच टाक्यावर.

३० जून

पाहिलं! पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं!

सहेरी करून कंदील घेऊन गेलो. पाण्यावर झुकलेल्या फांदीच्या टोकाला मादी बसलेली, नराच्या दीडपट तरी. नर तिच्या पाठीवर. बाजूला आणखी दोन नर, आपल्यालाही जागा मिळेल या आशेने ढकलाढकली करणारे. मादीने अंगातून चिकट पाणी सोडलं आणि मागच्या पायांनी ते फेटायला लागली. एक पाय आत, एक पाय बाहेर. शमशाद ताक घुसळते तेवढ्याच नेटाने. बघता बघता पांढरा फेस नारळाएवढा झाला. त्यातच अंडी. मध्येच थांबायची, दम खायची, परत सुरू. पडदे पसरले की फेसात लाल चमकायचं.

उजाडता उजाडता तिने आजूबाजूची पानं पायांनी ओढून फेसाला चिकटवली. पुडी बांधल्यासारखी. नर केव्हाच पसार झाले होते. ती एकटी बसून राहिली, अंग सुकलेलं, मग हळूहळू वर चढून गेली.

पाण्यात अंडी घातली तर मासे आणि खेकडे खाऊन टाकतील. म्हणून पाण्याच्या वर टांगायची, आणि पिल्लं झाली की खाली पाणी आहेच. किती अक्कल! मी भिजून चिंब झालो होतो आणि हसत होतो. असं मनापासून कॉलेज सुटल्यापासून हसलो नव्हतो.

१ जुलै

टाक्याला लागून बनुबाईचं खोपटं आहे. नवरा नाही, मुलगी शेवगावकडे दिलेली. मोहाची गाळते. सगळ्या वाडीला ठाऊक आहे, पोलीस पाटलालाही.

गेलो. रोजा तोंडात, आणि दारू मागायला! दारात दोनदा पुढे-मागे झालो. शेवटी सांगितलं, बेडूक टिकवायला हवी, पहिल्या धारेची, कडक. बनुबाई माझ्याकडे बघत राहिली, मग तिने तोंडाला पदर लावला. हसून हसून तिला ठसका लागला.

वर मला शिकवलं सुद्धा. फेस सहा दिवस राहतो, मग पाऊस लागला की पाघळतो आणि पिल्लं ठिबकतात. वारा सुटला की बेडूक फांदीवरून पाय पसरून तरंगत खाली येतो. हे सगळं तिने लहानपणापासून पाहिलंय. मी पुस्तकात शोधत होतो!

३ जुलै

बाटली घरी आणली. शमशादने वास घेतला आणि पाण्याचा हंडा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. एवढंच म्हणाली, "रमजान का महिना है. ये बोतलां घरमें नक्को." मी बेडकाचं सांगू लागलो तर तिने पाठ फिरवली.

बाटल्या शाळेच्या कपाटात ठेवल्या. नकाशे आणि खडूंच्या मागे.

४ जुलै

पहिली जोडी बाटलीत. दुसरा फेस झाल्यावर मादी उतरली तेव्हाच धरली, नरासकट. मारायचं जिवावर आलं. पण करायचं तर करायचं.

दोन जोड्या लागतील. बस. त्यापेक्षा जास्त नाही.

६ जुलै

दुपारी जोराची सर. शाळा तशीच सोडून धावलो. पहिला फेस खालून विरघळला आणि पिल्लं एकेक करून टाक्यात पडू लागली — टप, टप. नुसते डोळे आणि शेपट्या. शंभर तरी असतील.

परत आलो तर चौथीची पोरं बाकांवर उभी राहून खिडकीतून मला बघत होती. त्यांना खाली बसवलं. पाढे घेतले.

९ जुलै

सत्यानाश!

बनुबाईची पहिली धार म्हणजे घोटभर पाणी मिसळलेलीच असणार. पहिली जोडी फुगली, कातडं सुटलं. कपाट उघडलं तर वास असा की नकाशांनाही लागला. जाऊन तिच्यावर ओरडलो. ती शांत. म्हणाली, पिणाऱ्याला तसलीच लागते, बेडकाची गोष्ट वेगळी. आता ती दोनदा गाळून देणार आहे. कापसावर घेऊन काडी लावली की निळी पेटली पाहिजे, असं मी बजावलं.

जोडी फेकली. पुन्हा धरावी लागेल.

१३ जुलै

नवी दारू निळी पेटते. दुसरी जोडी घातली. मादी पहिल्या फेसाचीच, जांभळीवर सापडली.

१६ जुलै

आणि आता हे! बाटलीतल्या बेडकाची पाठ पोपटी राहिली नाही. निळसर झाली, कडेला जांभळट. पिवळा रंग दारूत उतरला, मागे निळा उरला. पडदेही फिकट. साहेबांना नेमके रंगच तर पटत नव्हते, आणि रंगच गेले.

तासभर सुन्न बसलो. मग विचार केला, रंग गेले तर जाऊ देत. हाडं आहेत, पडदे आहेत, फेस आहे, पिल्लं आहेत. रंगासाठी टिपणं लिहीन, रोजची, तारीखवार, अशी की बोट ठेवायला जागा राहणार नाही. बनुबाईला विचारलं तर तिला या गोष्टीचं काहीच नवल नाही. माणसाचाही रंग त्यात असाच बदलतो म्हणाली.

१८ जुलै

पोलीस पाटील श्रीमंतराव संध्याकाळी शाळेत आले. बाकावर बसले, छत्री झटकली, पिकापाण्याचं विचारलं. मला पीक कुठलं! मग हळूच म्हणाले, "मास्तर, आमी काय कुनाला सांगत न्हाई. पर शाळंत नका पिऊ. घरात प्या."

मी कपाट उघडून बाटल्या दाखवल्या. त्यांनी एक उजेडात धरली. बेडूक बघून त्यांचा चेहराच उतरला. मला वाटतं, मी नुसता प्यायलो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं.

२० जुलै

तिसऱ्या मादीला धरताना उजवा पाय फाटला. तीही गेलीच. पण पायाचा पडदा पसरून दाखवायला उपयोगी पडेल, म्हणून बाटलीत घातली. तिच्याभोवतीचे तीन नरही. एक फेस अख्खा दुसऱ्या बाटलीत. एक फेस शाळेत घंगाळावर टांगलाय, रोज एक पिल्लू काढून दारूत, पायरीपायरीने.

चौथी मादी येऊन गेली. तिचा फेस उंच आहे. तिथे हात पोचत नाही.

२८ जुलै

ईद. शमशादने शीरखुर्मा केला, वाडीतल्या घराघरात वाटी पाठवली. बनुबाईकडे ती स्वतः घेऊन गेली! परत आल्यावर म्हणाली, बाई चांगली आहे, हात साफ आहेत. इतकंच. बाटल्यांचा विषय दोघींनी काढला की नाही, माहीत नाही. मी विचारलं नाही.

५ ऑगस्ट

शाळाखात्याचे डिपोटी साहेब तपासणीला आले. पोरांनी कविता म्हटली, गणितं बरी सोडवली. मग त्यांनी नकाशा मागितला आणि मी बघत असताना स्वतःच कपाट उघडलं.

वास बाहेर आला. ते दोन पावलं मागे सरले. मी सगळं सांगितलं, अगदी मुंबईच्या पत्रासकट. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. भला माणूस. म्हणाले, नोकरी जाईल मास्तर, ती तुमची एकट्याची नाही, शाळाच बंद पडेल, दुसरा मास्तर इथे यायला तयार होणार नाही. महिनाभराची मुदत दिली. त्यानंतर शाळेत थेंब दिसला तर वर कळवणार.

महिना पुरे! पिल्लांना मागचे पाय फुटले आहेत.

१४ ऑगस्ट

पुढचे पाय. उद्या झेंडावंदन. पोरांना दोऱ्या-पताका लावायला लावल्या आणि मी घंगाळापाशी.

१९ ऑगस्ट

आज सकाळी एक पिल्लू घंगाळाच्या काठावर चढून बसलं. नखाएवढं. हिरवं! शेपूट अजून मागे लोंबतंय आणि चार पाय मात्र पक्के. शमशादला बोलावलं. ती पहिल्यांदाच शाळेत आली. वाकून बघत राहिली. मग तिने बोट पुढे केलं आणि ते पिल्लू तिच्या बोटावर चढलं. ती हललीच नाही.

तिने विचारलं, हेही घालणार? मी म्हटलं, शेपटीचं एक लागतंच. तिने ते घंगाळाच्या दुसऱ्या काठावर सोडलं आणि घरी गेली. मी दुसरं एक घेतलं.

२१ ऑगस्ट

झालं. पुरं झालं!! फेस, अंडी, अकरा पायऱ्यांची पिल्लं, शेपटीचा बेडूक, नर, माद्या. बत्तीस पानांची टिपणं इंग्रजीत उतरवून मुंबईला रवाना केली, पार्सल मागून येत आहे असं लिहिलं.

पार्सल मात्र राजूरच्या पोस्टाने घेतलं नाही. आत काय, म्हटल्यावर मी खरं सांगितलं, आणि तिथेच घोडं अडलं. दारू टपालाने जात नाही. नगरहून परवाना आणा. अर्ज टाकला. पेटी परत डोक्यावर घेऊन सात मैल. शाळेत आता ठेवायची सोय नाही, म्हणून बनुबाईकडे ठेवली.

२३ ऑगस्ट

पेटीला तेल लावायला गेलो होतो. बनुबाई चुलीपुढे बसून बाटल्या न्याहाळत होती. आतापर्यंत तिने कधी मला काही विचारलं नव्हतं. आज म्हणाली,

"मास्तर, आता ह्ये बाटलीत जास्ती हायती, का झाडावर?"

मी म्हटलं, झाडावर, अर्थातच. तिने चुलीत लाकूड सारलं.

घरी येऊन टिपणं काढली. यंदा माद्या आल्या चार. एक फेकली, दोन बाटलीत. झाडावर एक. नर अकरा, त्यातले पाच गेले.

२८ ऑगस्ट, रविवार

दिवसभर डोंगर पालथा घातला. खिंडीतलं टाकं, गडाच्या वाटेवरची दोन, ओढ्यावरचे डोह. जाणत्या लोकांना विचारलं. फेस कुठेच नाही. दुसऱ्या वाडीतल्या म्हाताऱ्याने सांगितलं, पूर्वी तिकडे हुतं, झाडं तुटली तवा गेलं.

म्हणजे आमचं एकच टाकं.

४ सप्टेंबर

परवाना नाही. डिपोटी साहेबांची मुदत उद्या संपते. शाळेचं कपाट सोड्याने धुतलं. वास गेला.

८ सप्टेंबर

पत्र! मुंबईचं, तीन पानांचं!

साहेब लिहितात, टिपणं वाचून थक्क झालो. इतकं बारीक निरीक्षण आपल्याकडे कुणी केलेलं नाही. शंका घेतल्याबद्दल क्षमा मागतात — माझी! यादीत नगर जिल्हा येणार, आणि खाली माझं नाव. अलीम शेख, प्राथमिक शिक्षक. शमशादला वाचून दाखवलं. तिने गुळाचा खडा आणून माझ्या तोंडात घातला. तिचे डोळे भरले होते. माझेही. कॉलेजातल्या एकेकाचा चेहरा आठवला, सगळ्यांना हे पत्र दाखवावंसं वाटलं.

तिसरं पान नंतर वाचलं. पुढच्या जूनमध्ये ते दोन माणसं तंबू घेऊन पाठवणार. परदेशातली संग्रहालयं अदलाबदलीत मागत आहेत, म्हणून निदान पन्नास जोड्या लागतील. जागेचा नकाशा काढून पार्सलात घालावा. गावातल्या लोकांना धरायला लावता येईल, नगामागे काही द्यायची तयारी आहे.

९ सप्टेंबर

पन्नास जोड्या.

१० सप्टेंबर

सकाळपासून उत्तराचा मसुदा करतोय. 'थोडेच न्यावेत ही विनंती.' फाडला. 'दोन जोड्यांवर समाधान मानावं.' तोही फाडला.

मीही दोनच नेणार होतो. याच वहीत लिहिलंय. मी इथला, मला एकेकाचा आवाज ओळखू येतो, पहाटेपासून त्यांच्यापाशी बसलो, आणि तरी माझा हात थांबला नाही. दर वेळी मला कारण सापडलं. दारू पातळ होती, पाय फाटला होता. तंबूवाल्यांनाही कारणं सापडतील. माझ्यापेक्षा चांगली सापडतील, इंग्रजीत.

यादीत नाव नसलेल्या जागी कुणी तंबू घेऊन येत नाही.

शमशादला सगळं सांगितलं. तिने गनीभाईंसाठी ठेवलेलं कोरं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, कार्डाला तिकीट लावायला नको, छापलेलंच असतं.

१२ सप्टेंबर १९४९, सोमवार

मुंबईला कार्ड लिहिलं. "पाठवलेली टिपणं मी घरी बसून रचली. एकही ओळ खरी नाही. असा बेडूक आमच्या जिल्ह्यात नाही. पार्सल येणार नाही. आपला वेळ फुकट घालवला, माफी असावी. — अलीम शेख." राजूरला जाऊन स्वतः टपालपेटीत टाकलं आणि दुपारची शाळा भरायच्या आत परत आलो.